ज्याचा ओटा, त्याला जाब

रामप्रसादला आजवर कुणाला तोंडावर नाही म्हणता आलेलं नाही. याला स्वभाव म्हणा नाहीतर रोग म्हणा. शहागडला हायवेच्या कडेला त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पीक विमा, सगळं तिथंच. पंक्चर काढायला थांबलेला ट्रकवाला आत येऊन म्हणतो, "भाऊ, जरा चार्जिंगला लावू का?" की रामप्रसाद स्वतःच्या फोनची पिन उपसून त्याची लावतो. गाव तिथून आत, डोणवाडी. एका अंगणात दोन घरं. एकात तो, त्याची आई द्वारकाबाई आणि बायको प्रियदर्शनी. दुसऱ्यात त्याचे चुलते, रामकिसन काका. बाप लवकर गेला, तेव्हा काकांनी त्याला शिकवलं, लग्न करून दिलं, दुकान टाकून दिलं. शेत अजून सामाईक आहे, विहीर एक आहे, आणि त्या अंगणात शब्दही एकच चालतो, काकांचा.

अशा माणसानं लोकांच्या मोकळ्या बोलण्याची सोय करायला जावं ही नसती उठाठेव होती. पण सांगणारा बुद्धभूषण होता, आणि त्याला तर रामप्रसाद पहिलीपासून नाही म्हणाला नव्हता.

बुद्धभूषण गावातल्या बौद्ध वस्तीतला. बदनापूरला एका कॉलेजात कंत्राटावर कॉम्प्युटर शिकवतो. दोघांची शाळेपासूनची दोस्ती, आणि दोघांनाही एकाच गोष्टीनं पोळलं होतं. गावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता आणि त्याचा अॅडमिन अर्थातच रामप्रसाद. कुणीतरी काहीतरी भडक पुढं ढकललं आणि ठाण्यात बाकावर बसायची वेळ आली रामप्रसादवर. त्यानं घाबरून ग्रुपला कुलूप लावलं, फक्त अॅडमिननं बोलायचं. मग अॅडमिन तरी काय बोलणार? ग्रुप मेला. तिकडं वस्तीतल्या पोरांनी एका मोठ्या कंपनीच्या अॅपवर चालवलेलं पान एका सकाळी दिसेनासं झालं. का, कुणी, कशासाठी, काही पत्ता नाही.

"त्या कंपनीला दारच न्हाई," बुद्धभूषण म्हणाला होता. "कुठं जाऊन इचारणार? आपलं आपण करू. आपलं यंत्र, आपली जागा."

त्यानं समजावून सांगितलं तेव्हा दुकानात चार-दोन गावकरी बसले होते. एकच मोठा मालक नसेल. गावोगावी छोटी छोटी यंत्रं असतील, ज्याचं त्याच्याकडे. पण ती एकमेकांशी जोडलेली. इथं लिहिलं ते तिथं वाचता येईल. एक बंद पाडलं तरी बाकीची चालूच. लोकांच्या डोक्यात काही शिरेना. तेव्हा रामप्रसाद म्हणाला, "अहो, घरापुढच्या ओट्यावानी. ज्याचा त्याचा ओटा. या ओट्यावरून त्या ओट्याशी बोलायचं. सगळ्या गल्लीचा मालक कुणी असतो का?"

हां, मग लख्ख समजलं सगळ्यांना. नावही तेच पडलं, ओटा. रामप्रसादच्या दुकानात इन्व्हर्टरशेजारी एक जुना सीपीयू घरघरायला लागला, तो डोणवाडीचा ओटा. बुद्धभूषणनं बदनापूरचा काढला. पुण्याकडं कंपन्यांत कामाला गेलेल्या पोरांनी तिकडचा, आणि कुणी ओळखीच्यानं बीडचा.

खरं नाव सांगायची सक्ती नव्हती. हा हट्ट बुद्धभूषणचा. "ज्याला नाव सांगून बोलता येतं, तो बोलूनच राह्यला ना," तो म्हणाला. "ज्याला येत न्हाई त्याच्यासाठी हाय हे." रामप्रसादनं त्यावर कडी केली. पहिल्याच दिवशी ओटा ओस दिसू नये म्हणून त्यानं झाडांच्या नावांनी खाती उघडून ठेवली, लिंब, चिंच, बोर, बाभूळ, हिवर. जो येईल त्याच्या फोनमध्ये एक टाकून द्यायचा. घरच्यांच्या फोनमध्येही टाकली. कुणाला कोणतं झाड दिलं हे त्याला आठवड्यानंतर आठवेना. आणि तो सगळ्यांना छाती फुगवून सांगू लागला, "नाव मला बी ठाऊक न्हाई. बिलकुल न्हाई. बोला बिनधास्त."

बोलले लोक. पहिले काही महिने काय मजा होती! कापसाचा भाव, उशिरा धावणारी बस, ग्रामपंचायतीचा न लागणारा दिवा, कुणाच्या तरी बैलाचं कौतुक, भयंकर चारोळ्या. पुण्याची पोरं तिकडून विचारायची, हिवर कोण रे, लई चावट लिहितो. रामप्रसाद दुकानात बसून वाचायचा आणि एकटाच हसायचा. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपण काहीतरी केलं असं वाटलं.

मग बाभूळ बोलली.

"चांगुणाची मयत डांबरीनं नेली," असं त्या लिखाणात होतं. "ट्रका थांबवून नेली. नाल्याच्या कडची वाट कुठं गेली. वाट होती. त्या वाटेनं गवताचे भारे आलेत. मंगळ एका साली बांध सरकला. मंगळ दुसऱ्या साली वाटच नांगरली. मंगळ आता म्हणतेत वाट नव्हतीच."

चांगुणाबाई म्हणजे बुद्धभूषणची आई. त्या पावसाळ्यात वारली. वस्तीतून स्मशानाकडं जायची जुनी वाट नाल्याच्या कडेनं होती आणि ती गेली होती रामकिसन काकांच्या कपाशीखाली. म्हणून तिरडी हायवेनं फिरवून न्यावी लागली, हॉर्न वाजवणाऱ्या गाड्यांमधून. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. माहीत असलेली गोष्ट कुणी बोललं नव्हतं, एवढंच.

आता वाचणाऱ्यांना दोन गोष्टी सापडल्या. एक वाट, आणि दुसरा तो मंगळ. वाटेवर बोलायला धीर लागतो, मंगळावर हसायला लागत नाही. बाभळीचं लिखाण दर चार-आठ दिवसांनी यायचं आणि दरवेळी त्यात हा ग्रह उगवलेला असायचा. "मंगळ कपाशी लावली." "मंगळ भाऊबंद गप बसले." पुण्याच्या पोरांनी बाभळीला मंगळबाबा करून टाकलं. हसत हसत का होईना, त्यांनी ते पुढं पाठवलं. बीडच्या ओट्यावर गेलं, तिथून आणखी कुठं कुठं. लोक विचारू लागले, हा बांध सारणारा कोण? नाव बाभळीनं कुठंच घेतलं नव्हतं. पण गावात एकच बांध असा चालणारा होता.

काका दुकानात आले. ते भांडखोर नव्हते, भांडायची त्यांना गरजच पडत नसे. स्टुलावर बसले, टोपी मांडीवर ठेवली.

"कोण लिहून राह्यलं?"

"काका, मला दिसत न्हाई. खरंच."

"ओटा कुणाचा?"

"तसा कुणाचाच न्हाई. म्हणजे..."

"रामप्रसाद," काका शांतपणे म्हणाले, "माझ्या ओट्यावर बसून कुणी तुझ्या मायला शिवी दिली, तर तू जाब कुणाला इचारशील? शिवी देणाऱ्याला का मला?"

डोणवाडीत लहान पोरालाही ठाऊक आहे की ज्याच्या ओट्यावर बोललं जातं त्याला जाब द्यावा लागतो. तसं नसतं तर लोकांनी आपापले ओटे कशाला झाडले असते? मोठ्या कंपनीला दार नव्हतं हे वाईट होतं. आपल्याला दार आहे हे त्याहून वाईट निघालं. ओटा हे नाव रामप्रसादनं हौसेनं ठेवलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"भूषणच हाय तो," काका उठता उठता म्हणाले. "त्याची माय, त्याची मयत. दुसऱ्या कुणाला पडलंय? तू खरं बोलत न्हाईस, दोस्त म्हणून. ठीक हाय."

रामप्रसादलाही तसंच वाटत होतं. म्हणजे त्या दिवशीपर्यंत, ज्या दिवशी तो दुपारचा जेवायला घरी आला.

प्रियदर्शनी माहेरी गेली होती. घरात कुणी दिसेना. मागं गोठ्याकडं कुणीतरी बोलत होतं, हळू आवाजात, थांबत थांबत. त्याला वाटलं आई म्हशीशी बोलतेय. द्वारकाबाई गव्हाणीला टेकून उभ्या होत्या. फोन त्यांनी तोंडासमोर आडवा धरला होता.

"...मंग चांगुणा म्हणायची," त्या सांगत होत्या, "मंग द्वारके, आपुन मेल्यावर बी याच वाटेनं..."

रामप्रसाद गोठ्याच्या दारातच थांबला.

हे बोलून लिहिणं त्यानंच तिला शिकवलं होतं. पुण्याला दिलेल्या त्याच्या बहिणीला, प्रीतीला, निरोप पाठवता यावा म्हणून. द्वारकाबाई शाळेत गेल्या नव्हत्या. रामप्रसादच्या पहिलीच्या पुस्तकावरून अक्षरं ओळखायला शिकल्या, अडखळत वाचतातही. पण लिहिणं हाताला कधी आलं नाही आणि बँकेत अजून अंगठाच चालतो. फोन त्यांचं बोलणं बरोबर लिहायचा. फक्त मराठवाड्याचा "मंग" त्या फोनला कळायचा नाही. त्याला वाटायचं बाईंना मंगळ म्हणायचं असेल.

"माय!"

द्वारकाबाईंनी फोन पदराखाली घेतला. चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा मात्र केला नाही.

"कामून केलंस हे? काका हायेत आपले. वाढवलं त्यांनी मला."

"हाव, वाढवलं," त्या म्हणाल्या. "मी कधी न्हाई म्हणाले? पण चांगुणा अन् मी जलमभर एका पट्टीला तण निंदलं. माझं पोट दुखलं तर माझी पट्टी ती ओढायची. ती गेली अन् मी बांधावर उभी होते, तोंडाला पदर लावून. तिला डांबरीनं नेऊन राह्यले अन् मी आपल्या कपाशीत उभी. माझे पाय हालले न्हाईत, तोंड बी हाललं न्हाई. तू म्हणाल्तास, नाव कुणाला दिसत न्हाई. मंग बोलले."

"दिसत न्हाई," रामप्रसाद कळवळून म्हणाला, "पण ऐकू येतंय ना, माय! कुणी बी ओळखील एक दिवस. मंग काय करशील? याच अंगणात राहायचं हाय तुला."

"ओळखू दे," असं काही ती म्हणाली नाही. तीही घाबरली होतीच. "पुसता येतं का?" तिनं विचारलं.

त्यानं त्याच पावली दुकान गाठलं आणि बाभळीचं सगळं पुसून टाकलं. आपल्या यंत्रावरून. बदनापूरच्या ओट्यावर ते होतंच. पुण्याच्याही, बीडच्याही. एक बंद पाडलं तरी बाकीची चालू राहतात, हेच तर त्यानं लोकांना कौतुकानं सांगितलं होतं. कुणी मिटवू शकणार नाही अशी जागा त्यानं बांधली होती, आणि आता त्याला स्वतःलाच मिटवायचं होतं. त्यानं बुद्धभूषणला फोन लावला.

"भूषण, बाभळीचं तुझ्याकडचं काढून टाक. जल्दी. पुण्याच्या पोरांना बी सांग."

"कामून?"

"काढ म्हणतो ना."

"काकांनी सांगितलं?"

काय सांगणार? नाव घ्यायचं तर आईचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण या मुठीत निखारा होता. "न्हाई... तसं न्हाई रे..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"माझ्या मायची मयत होती ती," बुद्धभूषण म्हणाला. "कोण लिहितंय मला ठाऊक न्हाई. पण ज्यानं लिहिलं त्याच्या पाया पडायची तयारी हाय माझी. अन् तू पुसायला सांगून राह्यलास. शेवटी बांध तुझाच ना." त्यानं फोन ठेवला. त्यानंतर त्यानं रामप्रसादचा फोन उचलला नाही.

रामप्रसादला वाटलं, निदान आता थंडावेल. थंडावायचं कुठलं! पुसलं म्हणजे नक्कीच खरं असणार, असं म्हणून लोकांनी ते दुप्पट वाचलं. आणि काकांनी तक्रार दिली, बुद्धभूषणविरुद्ध. बदनामी केली, गावात तेढ लावली. कॉलेजनं बुद्धभूषणला सांगितलं, प्रकरण मिटेपर्यंत येऊ नका. कंत्राटाच्या माणसाला हे तोंडी सांगितलं तरी पुरतं. त्याच्या घरी म्हातारा बाप, लहान मुलगी, आणि मिळवणारा तो एकटा.

ठाण्यातून रामप्रसादला बोलावणं आलं. हवालदार वयस्कर होते, चिडके नव्हते. रामप्रसादनं त्यांना सगळं समजावलं, जोडलेली यंत्रं, एक मालक नाही, उद्या सगळ्या जगाचं बोलणं असंच होणार आहे, बुद्धभूषण सांगायचा तसं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे मालक कुणीच नाही?"

"न्हाई साहेब."

"मग लाइटबिल कोण भरतं?"

रामप्रसादनं मान खाली घातली. "मी."

"हां," हवालदार म्हणाले आणि लिहून घेतलं. "दोन दिवसांत लिहिणाऱ्याचं नाव द्या. नाहीतर यंत्र घेऊन या, अन् जबाब तुमच्या दोस्ताविरुद्ध जाईल तसा जाईल."

आता त्याच्यापुढं सरळ हिशेब होता. आईचं नाव सांगितलं तर बुद्धभूषण सुटतो. नाही सांगितलं तर बुद्धभूषणची नोकरी जाते, न केलेल्या गोष्टीसाठी. एका बाजूनं माय, एका बाजूनं माय गेलेला दोस्त. गिऱ्हाइकाचा स्क्रीन बसवताना दोनदा काच फुटली.

तारखेच्या आदल्या दिवशी सकाळी काकांनी भाऊबंद बोलावले. त्यांच्याच ओट्यावर, चार-पाच जाणती माणसं. बायका रिवाजाप्रमाणे उंबऱ्याच्या आत. काका म्हणाले, "रामप्रसाद, उद्या ठाण्यात जायचं हाय. पंचांसमोर सांगून टाक, भूषणनंच लिहिलं. इषय संपला."

"त्यानं न्हाई लिहिलं, काका."

"मंग कुणी?"

आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, रामप्रसाद धीट झाला. "मी लिहिलं," तो म्हणाला.

ओट्यावरची माणसं एकमेकांकडं बघून हसली. "तू?" काका म्हणाले. "तू माझ्यापुढं कधी मोठ्यानं खोकला न्हाईस, बाबा. दोस्तासाठी खोटं बोलू नको."

तेव्हा उंबऱ्याच्या आतून आवाज आला.

"भाऊजी, मी लिहिलं."

द्वारकाबाई उठून चौकटीत आल्या होत्या. डोक्यावरचा पदर नीट होता. त्या घरात आल्यापासून दिरासमोर त्या इतकं बोलल्या नव्हत्या. "चांगुणाची वाट होती ती. मी त्या वाटेनं भारे आणलेत. तुमाला बी ठाऊक हाय. तुम्ही बांध सारला, मी बघत होते. ते सगळं मीच लिहिलं. भूषणचा काही संबंध न्हाई. त्याच्या पोटावर पाय देऊ नका."

रामप्रसादला वाटलं, आता आभाळ कोसळणार.

कोसळलं नाही. काकांच्या चेहऱ्यावर आधी नवल दिसलं, मग दया. ते हसले, रागावून नव्हे, मायेनंच. "वैनी," ते म्हणाले, "तुमाला सही येत न्हाई. बँकेत अंगठा करायला मीच नेतो ना तुमाला? पोराला वाचवायला बोलून राह्यल्या, समजतं मला." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मायचं काळीज, कुणीतरी म्हणालं. झाडाच्या नावाआडून बोलत होती तोवर सारा गाव तिला वचकून होता. स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या नावानं बोलली, तर ऐकणारा एकही निघाला नाही.

द्वारकाबाईंनी रामप्रसादकडं पाहिलं. "सांग ना रे," त्या म्हणाल्या. "तूच शिकवलंस ना मला. सांग यांना."

सगळे त्याच्याकडं वळले. सिद्ध करायला काही लागत नव्हतं. फोन तिच्या हातात द्यायचा, दोन वाक्यं बोल म्हणायचं, आणि उगवलेला मंगळ काकांना दाखवायचा. बुद्धभूषण त्याच क्षणी सुटला असता. आणि आई? सामाईक विहिरीवर, या अंगणात, या माणसांत, मरेपर्यंत? तिला काय भोगावं लागेल ते सगळं एका झटक्यात त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. हे तिच्यासाठीच करतोय असं त्यानं मनाला सांगितलं. थोडंफार खरंही होतं ते. पण त्याला काकांची भीती वाटत होती, लहानपणी वाटायची तेवढीच, हे त्याहून जास्त खरं होतं.

"मायला कुठं लिहिता येतं, काका," रामप्रसाद म्हणाला.

स्वतःचा आवाज ऐकून त्याला स्वतःची किळस आली. लोकांना बोलता यावं म्हणून केवढा खटाटोप केलेला माणूस तो. आणि एका बाईचं तोंड बंद करायचं काम ना कंपनीनं केलं, ना पोलिसांनी, ते त्यानं केलं. त्याला वाटलं, ती आता काहीतरी म्हणेल, शाप देईल. द्यावा असंही वाटलं.

द्वारकाबाई त्याच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी पदर पुढं ओढला. "बराबर हाय," त्या म्हणाल्या. "मला लिहिता येत न्हाई."

काकांनी सुटकेचा श्वास सोडला. "चला," ते म्हणाले, "उद्या भूषणचं नाव देऊन मोकळे होऊ. वैनी, चहा टाका सगळ्यांना."

द्वारकाबाई आत गेल्या आणि त्यांनी चहा टाकला.